माणसे का नाचतात?

तान्हे मूल धड बोलावयास शिकलेले नसते, तोच ते नाचू लागते. आईने मांडीवर उभे धरलेले पोर, शेजारी कोणी पाटावर ताल धरला की गुडघे वाकविते, कंबर हलविते आणि स्वतःच्याच पराक्रमावर खुदकन हसते. हे दृश्य ज्या घराने पाहिले नाही असे घर आमच्या वाचकांत क्वचितच असेल. २०१० साली युरोपातील दोन संशोधकांनी ५ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंतच्या १२० बालकांना कधी संगीत, कधी नुसता ताल, तर कधी माणसाचे बोलणे ऐकविले. बोलणे ऐकताना मुले फारशी हलली नाहीत. ताल ऐकताच मात्र त्यांचे हातपाय चाळवू लागले. आणि ज्यांची हालचाल तालाशी अधिक जुळली ती अधिक हसली. त्यांना कोणी नाच शिकविला नव्हता, की हसावयास सांगितले नव्हते. निर्मात्याने देह घडविला तेव्हाच ही गोष्ट त्यात घालून ठेवली असावी, असे म्हणावयास आम्हांस तरी संकोच वाटत नाही.

आपल्या धर्मग्रामांत नाचाविषयी बोलणे निघाले की ते बहुधा नाचावे की नाचू नये, मुलींनी किती वाजेपर्यंत थांबावे, आणि बँड कोणता आणावा, एवढ्यावरच येऊन थांबते. माणसे मुळात नाचतात कशासाठी, हे कोणी कोणास विचारीत नाही. विचारून पाहिले तर उत्तरे मोठी निरनिराळी मिळतात. कोणी म्हणतो, आनंद झाला म्हणून. कोणी म्हणते, दिवसभराचा शीण जातो म्हणून. एखादा तरुण मान खाली घालून काहीच बोलत नाही, आणि ते न बोलणे हेच त्याचे उत्तर असते. एखाद्या आजी सांगतात की नाचताना आपले वय आपणांस आठवत नाही. ही सर्व उत्तरे आम्ही खरी मानतो. त्यांचा विचार केल्यावाचून सणासमारंभात कोणाला नाचू द्यावे आणि कोणाला बाकावर बसवून ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, असे आमचे मत आहे. आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

शिणाचेच पाहा. ज्याने दिवसभर कष्ट केले त्याने रात्री आडवे व्हावे, हा सरळ हिशेब. पण कष्टकऱ्यांचा अनुभव या हिशेबात बसत नाही. गोमंतकात पौष महिन्यात, भाताचे पीक घरी आल्यावर, धालो खेळतात. रात्रीचे जेवणखाण आटोपून, भांडी घासून, मुले निजवून स्त्रिया मांडावर जमतात. समोरासमोर दोन रांगा करतात. शेजारणीच्या कमरेमागून हात गुंफतात आणि गात गात वाकत पुढे जातात, वाकत मागे येतात. हा खेळ मुख्यतः हिंदू भगिनींचा. तथापि ख्रिस्ती गावड्यांच्या काही वस्त्यांतही तो चालत आला आहे. त्यातील देवतांची आवाहने आपल्या श्रद्धेची नव्हेत, हे उघडच आहे. पण ज्या स्त्रीची कंबर लावणीच्या व कापणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून मोडली, तीच रात्री पुन्हा वाकावयास का जाते, हा प्रश्न धर्माचा नसून मनुष्यस्वभावाचा आहे. शेतातले वाकणे पोटासाठी असते, आणि ते कितीदा व कोठवर वाकावे हे दुसरा कोणी ठरवितो. मांडावरचे वाकणे तिचे स्वतःचे असते. कंबर तीच, स्नायू तेच. पण हुकूम बदलला की थकवाही बदलतो. शिवाय या रात्री पुरुष मांडापासून दूर असतात. वर्षभरात ज्या स्त्रीला स्वतःचे म्हणून अंगण मिळत नाही, तिला त्या काही रात्री ते मिळते.

बेळगावकडच्या आमच्या भगिनी फुगडी घालतात, त्यातही असेच काही आहे. दोघीजणी हात आडवे गुंफून, पाय जवळ ठेवून, मागे झुकतात आणि गरगर फिरतात. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या वजनावर असतो. एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. दोन जावांमध्ये आठवडाभर अबोला असावा आणि सणाच्या दिवशी कोणीतरी त्यांना फुगडीत ओढावे, मग त्या अबोल्याचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

माणूस नाचतो याचे आणखी एक कारण असे, की काही गोष्टी त्याला तोंडाने सांगता येत नाहीत. याचे फार सुंदर उदाहरण म्हणजे मांडो. गोमंतकातील ख्रिस्ती समाजात, विशेषतः सासष्टीतील कुडतरी, लोटली अशा गावांच्या मोठमोठ्या घरांत, एकोणिसाव्या शतकात हे नृत्यगीत बहरले. पाश्चात्त्य सुरावट, कोंकणी शब्द, व्हायोलिनच्या साथीला मातीचे घुमट, असा त्याचा संसार. पुरुष एका रांगेत, स्त्रिया दुसऱ्या रांगेत, तोंडे समोरासमोर. स्त्रियांच्या अंगावर जरीकामाचा तोरोप-बाजू आणि हातात पंखा. रांगा संथपणे एकमेकींकडे येतात, एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात, पुन्हा फिरतात. पाऊल उचलले जात नाही, जमिनीवरून सरकते. कोणी कोणाला मिठी मारीत नाही. उड्या नाहीत, धसमुसळेपणा नाही. पंखा थोडा उघडतो, थोडा मिटतो, नजर वर होते, खाली होते, आणि तेवढ्यात जे सांगावयाचे ते सांगून होते.

ज्या काळी कुलीन घरातील मुलीला परक्या तरुणाशी चार शब्द बोलण्याची मुभा नव्हती, त्या काळी घरातील वडीलधाऱ्यांच्या देखत, दिव्यांच्या उजेडात, अशी भेट होऊ शकत होती. मांडोचे विषयही तसेच आहेत: ओढ, मीलनाचा आनंद, ताटातूट, निराशा. दिवाणखान्याच्या कडेने बसलेल्या आयांना व मावश्यांना सारे काही समजत असे, आणि समजूनही त्या गप्प असत, कारण मर्यादा नाचातच शिवलेली होती. आजच्या तरुणांना हा प्रकार फार मंद वाटतो. वाटो बापडा, परंतु वासनेला न चाळविता प्रेमाला वाट करून देणे ही सोपी कला नव्हे, आणि आपल्याच लोकांनी ती साधली होती, याचा अभिमान बाळगावयास हरकत नसावी.

मांडो संपला की दुलपद सुरू होते. ताल वाढतो, गावातल्या गमतीजमती गाण्यात येतात, आणि इतका वेळ जपून पावले टाकणारी माणसे मोकळी होतात. आधी आवरणे आणि मग सोडणे, हा क्रम आमच्या पूर्वजांनी उगीच ठेवला नसेल. घुमटाविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकू. या मडक्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि ते योग्यच झाले. आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. जुन्या जाणत्यांना नव्या घुमटाचा आवाज तितकासा रुचत नाही. पण पाय त्यावरही थिरकतात.

आता आमच्या काही वाचकांच्या मनात एक शंका एव्हाना उभी राहिली असेल. ख्रिस्तसभेने नाचाला विरोध केला नव्हता काय? केला होता, आणि ते लपविण्याचे कारण नाही. ५८९ साली स्पेनमधील तोलेदो येथे भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेने संतांच्या सणाच्या दिवशी नाचगाण्यात रमणाऱ्या लोकांना मज्जाव केला. खुद्द गोमंतकात १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती घरांतील लग्नकार्यांच्या कित्येक जुन्या देशी रीती वर्ज्य ठरविल्या. शुभवर्तमानात हेरोदाच्या मेजवानीतील मुलीचा नाच आहे, आणि त्याची किंमत योहान बाप्तिस्ताला आपल्या मस्तकाने द्यावी लागली, हे आपण सर्वजण जाणतो. मद्य, मत्सर आणि अधिकाराचा ताठा यांच्या पंगतीला नाच बसला की काय होते, त्याचे ते चित्र आहे.

परंतु त्याच पवित्र शास्त्रात दुसरीही चित्रे आहेत, आणि ती संख्येने अधिक आहेत. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने हाती डफ घेतला आणि सर्व स्त्रिया नाचत तिच्यामागे निघाल्या. स्तोत्रकर्ता देवाची स्तुती डफाने व नृत्याने करावयास सांगतो. आणि दावीद राजा! कराराचा कोश यरुशलेमेत येत असता तो साधे तागाचे वस्त्र लेवून सर्व शक्तीनिशी परमेश्वरापुढे नाचला. त्याची पत्नी मीखल खिडकीतून पाहात होती. राजाने दासींच्या देखत असे नाचावे याचा तिला तिरस्कार वाटला, आणि घरी आल्यावर तिने त्याला तसे ऐकविले. दावीदाने जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की ज्याने मला निवडले त्याच्यापुढे मी नाचलो, आणि याहूनही हलका होण्याची माझी तयारी आहे. आपल्या गावांत दावीद थोडे आणि मीखल पुष्कळ, असे आम्हांस कधीकधी वाटते. खिडकीतून पाहणाऱ्याला नाच नेहमीच वेडेपणाचा दिसतो, कारण खिडकीपर्यंत हातवारे पोहोचतात, कारण पोहोचत नाही.

ख्रिस्ती जगात असेही काही कोपरे आहेत जेथे नाच थेट वेदीजवळ पोहोचला. स्पेनमधील सेव्हिलच्या कॅथेड्रलात ‘सेइसेस’ म्हणून ओळखली जाणारी मुले ख्रिस्तशरीराच्या सणाला आणि निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला पवित्र साक्रामेंतापुढे, हातात चिपळ्यांसारखी वाद्ये घेऊन, नाचतात. नावाचा अर्थ सहा, नाचणारी मुले दहा; जुन्या प्रथांचे हिशेब असेच असतात. लक्झेंबर्ग देशातील एख्टरनाख गावी संत विलिब्रोर्ड यांची कबर आहे. तेथे पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी हजारो भाविक पांढऱ्या रुमालांची टोके धरून, रांगारांगांनी, बँडच्या एकाच सुरावटीवर पावले टाकीत गावातून कबरीपर्यंत जातात. २०१० साली युनेस्कोने या मिरवणुकीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्या रांगांत शाळकरी मुलेही असतात आणि आजीआजोबाही. रुमाल दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, त्यामुळे पाऊल चुकले तरी कोणी मागे राहात नाही.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. इंदूर मिशनमध्ये काम केलेले एस. व्ही. डी. संघाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय संगीत व नृत्य यांतून शुभवर्तमान सांगण्याचा ध्यास घेतला. पुढे मुंबईत अंधेरी येथे त्यांनी ज्ञान आश्रम उभा केला, आणि १९६४ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक परिषदेत त्यांचा नृत्यगीतांचा भव्य प्रयोग झाला. त्याच संघाचे फ्रान्सिस बार्बोझा यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेतले आणि ख्रिस्ती विषयांसाठी हस्तमुद्रा योजिल्या. बडोद्याच्या आमच्या वाचकांना गरब्याचे वर्तुळ तर घराबाहेरच दिसते. २०२३ साली त्याचीही नोंद युनेस्कोने केली. उपासनेत नाचाला स्थान आहे काय, याविषयी रोमने १९९४ साली जे मार्गदर्शन केले त्याचा आशय असा: ज्या लोकांत गाण्याबरोबर टाळ्या, डोलणे व नृत्याची हालचाल स्वाभाविकपणे येते, त्यांच्यात ती उपासनेत येऊ शकते, मात्र ती खरोखर सर्वांची प्रार्थना असावी, नुसता प्रयोग नसावा. म्हणजे येथेही प्रश्न पुन्हा तोच: नाचणारा कशासाठी नाचतो?

लाभाकडे वळू. ‘शरीराला व्यायाम’ एवढेच म्हणून हा विषय संपविण्याची रीत आहे, आणि ते खोटेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम प्रमाणात शारीरिक हालचाल करावी, आणि ६५ वर्षांवरील माणसांनी त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायामही ठेवावे. म्हातारपणी पडून माकडहाड वा खुबा मोडणे ही केवढी आपत्ती असते, हे गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बाजूला पाऊल टाकणे, वळणे, एका पायावर क्षणभर भार घेणे, हे सारे नाचात आपोआप घडते. पण आम्हांस अधिक विचार करावयास लावतात ते दुसरे दोन शोध.

पहिला न्यूयॉर्कचा. तेथील ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ स्त्रीपुरुषांवर डॉ. जो वर्गीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी पाच वर्षे लक्ष ठेविले, आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोण काय करतो, आणि पुढे कोणाची स्मृती व बुद्धी ढासळते, हे त्यांना पाहावयाचे होते. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजविणे, ही ज्यांची सवय होती त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. शारीरिक उद्योगांत चालणे, पोहणे, जिने चढणे, घरकाम असे पुष्कळ प्रकार होते. त्यांपैकी एकाच प्रकाराशी असा संबंध दिसला, आणि तो प्रकार म्हणजे नाच. याचा अर्थ नाच हे औषध ठरले, असा मात्र नव्हे. ज्याची स्मृती आधीच हळूहळू जात असेल तो नाचणे आपण होऊनच सोडीत असेल, हेही शक्य आहे, आणि संशोधकांनाही याची जाणीव होती. तरी विचार केला तर ही गोष्ट बुद्धीला पटते. चालताना मन कोठेही भटकले तरी पाय चालतात. नाचताना कानाने ताल ऐकावा लागतो, डोळ्याने शेजाऱ्याला पाहावे लागते, पुढचे पाऊल आठवावे लागते, आणि चुकले तर त्याच क्षणी सावरावे लागते.

दुसरा शोध ब्राझील देशातील मराझो बेटावरचा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तेथील २६४ शाळकरी मुलामुलींना लहान गटांत नाचावयास लाविले. काहींनी एकाच वेळी एकच पाऊल टाकावे, काहींनी आपापले वेगळे. काहींनी जोराने, काहींनी बसल्या जागी हळू. नाचाआधी व नाचानंतर त्यांच्या दंडाला, रक्तदाब मोजताना बांधतात तसा पट्टा बांधून तो घट्ट करीत नेला, आणि कळ कोठवर सोसते ते पाहिले. जोराने नाचणाऱ्यांची सोसण्याची शक्ती वाढली, यात नवल नाही. पण नुसते हळू, परंतु एकमेकांच्या पावलाला पाऊल मिळवून नाचणाऱ्यांचीही वाढली. आणि गटातील सोबत्यांविषयी त्यांना जवळीक वाटू लागली. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. आम्ही ते वाचले तेव्हा धालोच्या रांगा आमच्या डोळ्यांपुढे आल्या. वेदना कमी होते ती हातपाय जोराने हलविण्यानेच असे नव्हे; शेजाऱ्याबरोबर एका वेळी हलण्यानेही होते.

असे असेल, तर मग आपल्या समारंभांत नेमके काय घडते ते पाहावे. लग्नाच्या मांडवात वा फेस्ताच्या रात्री नाचावयास कोण उठते? ज्यांना वेदना सर्वांत कमी तेच. तरुण, धडधाकट, मित्रमंडळींनी वेढलेले. आणि बाकावर कोण बसते? आजी, जिला गुडघ्यांच्या भीतीने कोणी हात धरून उठवीत नाही. अविवाहित राहिलेली थोरली बहीण, जिच्या नाचण्याकडे लोक वाकड्या नजरेने पाहतील म्हणून ती स्वतःच स्वयंपाकघराकडे वळते. हात कापतो म्हणून चारचौघांत पेलाही न धरणारे काका. आणि या सर्वांच्या मागे, बहुधा दाराजवळ, विधवा.

विधवेविषयी थोडे स्पष्ट लिहावयास हवे. पतीच्या निधनानंतर काही काळ दुखवटा पाळणे हे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत तिचेच मन नाचात रमणार नाही. पण आपल्या पुष्कळ घरांत हा दुखवटा संपतच नाही. दहा वर्षे लोटतात, मुले मोठी होतात, त्यांची लग्ने होतात. आणि स्वतःच्या मुलाच्या रोसच्या दिवशी नारळाचा रस लावावयासही तिला पुढे येऊ देत नाहीत, मग नाचाचे तर नावच नको. हे कोठून आले? ख्रिस्तसभेने हे शिकविलेले नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पती वारल्यावर स्त्री पुन्हा विवाह करावयास मोकळी आहे, फक्त तो प्रभूमध्ये व्हावा, असे स्वच्छ सांगितले आहे. ख्रिस्तसभा जिला वेदीपुढे दुसऱ्यांदा वधू म्हणून उभी राहू देते, तिला आपण दुलपदाच्या रांगेत उभी राहू देत नाही. यातील विसंगती वाचकांनीच पाहावी. ‘लोक काय म्हणतील’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण लोक म्हणजे आपणच की नाही?

कोणी म्हणेल, तिलाच नको असते. काहींना खरोखर नको असते, आणि त्यांना ओढू नये. परंतु पुष्कळदा नको म्हणणे ही फक्त सवय असते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ शेतातून आला, घरातील वाद्यांचा व नाचाचा आवाज त्याने ऐकला, आणि तो आत येईना. रागावला होता, आपल्याला कोणी बोलाविलेच नाही, हे त्याचे दुःख होते. तेव्हा बाप स्वतः बाहेर आला आणि त्याची समजूत घालू लागला. एवढे केवळ आपल्या समारंभांत कोणी करीत नाही: बाहेर येऊन विचारणे.

हात कापणाऱ्या काकांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कंपवाताच्या रोगात कधीकधी माणसाचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. चालावयाचे ठरविले तरी पाऊल उचलत नाही. अशा वेळी तालबद्ध आवाज ऐकू आला तर पुष्कळांचे पाऊल उचलते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली अशा रोग्यांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले, आणि ती कल्पना पुढे अनेक देशांत गेली. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या लोकांना नाच शिकविला. रोग त्याने बरा होत नाही. पण जो माणूस आपल्या शरीराचा नुसता पहारेकरी होऊन बसला होता, तो तासभर त्याचा धनी होतो. गावच्या मांडवात डॉक्टर नसतो, हे खरे. म्हणून हृदयविकार, ताजे हाडमोड, चक्कर असे काही असेल तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. बाकीच्यांना खुर्चीवर बसूनही हात व खांदे तालावर हलविता येतात.

आजकाल बहुतेक गावांत समारंभ म्हणजे डीजे. त्याला सरसकट नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. तरुणांना तो आवडतो, आणि सणात तरुणांचाही वाटा आहे. पण त्याच्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढे दोन गोष्टी होत नाहीत. एक, शेजाऱ्याशी बोलता येत नाही. दुसरी, संथ पावलाला जागा राहात नाही. आणि संथ पाऊल गेले की म्हातारी माणसेही गेली. शिवाय तो सुरू होतो रात्री उशिरा, दारूची पहिली फेरी झाल्यावर, आणि त्यानंतर आपल्या मुलींनी तेथे असावे की नसावे ही चिंता सुरू होते. वस्तुतः २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, एवढेच. हा नियम पाळला गेला तर अर्धे भांडण मिटेल.

राहिलेल्या अर्ध्यासाठी खर्च लागत नाही. फेस्ताची तयारी करणाऱ्या मंडळींनी कार्यक्रमाच्या सुरुवातीचा एक तास, साडेसहा ते साडेसात असा, घुमट, ढोलकी, व्हायोलिन किंवा जे काही गावात असेल त्यावर ठेवावा. मांडो, दुलपद, फुगडी, झिम्मा, लेझीम, ज्या गावचे जे असेल ते. त्या वेळी दारूचे दुकान मांडवाजवळ नसावे. जमीन सारवलेली वा फरशीची, सपाट असावी. जेथे खड्डे असतील तेथे जाजम टाकू नये, कारण त्यानेच अधिक लोक अडखळतात. बाके भिंतीला न लावता रिंगणाच्या कडेलाच मांडावी, म्हणजे उठावयाला चार पावलेही पडत नाहीत. गाण्याचे शब्द ज्या आजींना येतात त्यांना आदल्या आठवड्यातच मुलांनी गाठून विचारून ठेवावे. पुढच्या प्रायश्चित्तकाळात नाच बंदच असतील; तेव्हा हे सर्व करावयाचे तर राखेच्या बुधवारापूर्वीच्या एखाद्या रविवारी, संध्याकाळच्या मिस्सानंतर, जमते. म्हाताऱ्या माणसांना साडेआठपर्यंत जेवून निजावयाचे असते, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.